ओलेसुंडला थोडे थांबा

माननीय संपादक,

नॉर्वेच्या फियोर्ड (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) सहलींत ओलेसुंड हे किनाऱ्यावरचे गाव बहुधा दोन-तीन तासांत उरकले जाते. पर्यटक अक्सला टेकडीच्या 418 पायऱ्या चढतात, फोटो काढतात आणि बोटीवर परततात. पायऱ्या जरूर चढाव्यात, पण आधी ‘युगेंडस्टील सेंटर’ हे संग्रहालय पाहावे. 23 जानेवारी 1904 च्या आगीत गावातील सुमारे 850 घरे जळाली आणि जवळपास दहा हजार माणसे बेघर झाली. मृत्यू मात्र एकच. पुढच्या तीन-चार वर्षांत गाव दगड-विटांत, त्या काळच्या ‘आर्ट नूवो’ म्हणजे वळणदार रेषा आणि पानाफुलांच्या नक्षीच्या शैलीत (जर्मनमध्ये ‘युगेंडस्टील’) पुन्हा उभे राहिले. जुन्या औषधाच्या दुकानातले हे संग्रहालय ती कहाणी सांगते. दुकानाची मूळ लाकडी सजावट आणि वरच्या मजल्यावरचे जेवणघर अजून शाबूत आहे. शेजारच्या जुन्या बँकेत कलासंग्रहालय आहे, तेही त्याच तिकिटात. हे पाहून बाहेर पडले की इमारतींवरचे मनोरे आणि दारांवरची कोरीव पानेफुले आपोआप दिसू लागतात.

आगीतून वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी एका वखारीत मासेमारीचे संग्रहालय आहे. छोटेसे, पण खारवलेल्या कॉड माशाचा व्यापार समजायला पुरेसे. बोरगुंडचे सुन्नमोरे संग्रहालय गावापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. पन्नासहून अधिक जुनी घरे आणि होड्या पाहायला अर्धा दिवस हवा.

उन्हाळा सरला की संग्रहालयांच्या वेळा आखडतात, जाण्यापूर्वी त्या तपासाव्यात. हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ असल्यास टॅक्सीने वर जावे.

— एक वाचक