नंदे, टोपी माळ्यावर नाही

नाशिक, ११ ऑक्टोबर

प्रिय नंदे,

आठ महिन्यांत माझं पत्र नाही आणि तुझा फोन आला की मी 'कुकर लावलाय गं' म्हणून ठेवून देते. एवढे कुकर कुठल्या घरात लागतात, हा प्रश्न तुला पडला असणारच. तब्येत बरी आहे. बीपीची गोळी अर्धीची एक झाली, बाकी काही नाही.

काकूंनी काकांच्या स्वेटरच्या लोकरीची विणलेली माझी टोपी माळ्यावर नाही. काकूंच्या वर्षश्राद्धाला तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, माळ्यावरच्या पेटीत आहे, काढून पाठवते. खोटं बोलले. ती तेव्हा माझ्या कपाटात रुमालात गुंडाळलेली होती, आणि नारळाला बसेल एवढी झाली होती.

मीच धुतली. कळसूबाईहून आल्यावर तिला घामाचा वास येत होता, आणि त्या दिवशी मशीनमध्ये टॉवेल लावलेले, ६० डिग्रीवर. टोपी कधी त्यात गेली, मला आठवत नाही. उघडलं तर टॉवेलांच्या मध्ये एक तपकिरी गोळा. आधी वाटलं यांचा मोजा. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकदम मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. हे मी नंतर वाचलं. आधी तिला ओली करून वाटीवर चढवली, केसांचं कंडिशनर लावून रात्रभर ठेवली, देवाला साखर ठेवली. काही झालं नाही.

यांना सांगितलं तर म्हणाले, "शरणपूर रोडला तिबेटी लोक येतील थंडीत, तिथून घे दुसरी." मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. त्यांना काय माहीत? काकांचा स्वेटर उसवला तेव्हा ते तिथे नव्हते. आपण दोघी होतो. काका जाऊन चार महिने झाले होते. काकूंनी शिवण कापली आणि टोक ओढत बसल्या; लोकर मॅगीसारखी वळ्यावळ्यांची निघत होती. मग लड्या करून धुतल्या, आणि वळ्या जाव्यात म्हणून वाळत घालताना प्रत्येक लडीत लाटणं अडकवलं. तेवढी लाटणी घरात नव्हती म्हणून मी आमच्याकडून आणायला पळाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझ्या डोक्याला दोरा गुंडाळून माप घेतलं, आणि न विचारता माझ्याही.

आणि तू तुझी टोपी कोकणकड्यावरून भिरकावलीस! १९८८ च्या डिसेंबरात, भर थंडीत! खालून वारा येतो आणि टाकलेली वस्तू परत वर येते, हे तुला कुणी सांगितलं होतं? मीच, मान्य. पण मी रुमालाबद्दल बोलत होते, आणि वारा असला तर. 'शैलानेच टाकायला लावली' असं तू काकूंना सांगितलंस ते मी अजून विसरले नाही. त्या मात्र मलाच म्हणाल्या, "तुझी तरी सांभाळ." बघ कशी सांभाळली.

तर आता मी विणतेय. नोव्हेंबरात आमचा सहा जणींचा ग्रुप दार्जिलिंगकडच्या संदकफू शिखरावर निघालाय. ३,६३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तिथे रात्री पाणी गोठतं आणि धारेवर वारा कापत येतो. पहाटे कांचनजंगा बघायची तर कान झाकलेले हवेत. म्हटलं, जायचं तर तशीच टोपी घालून.

पहिली टोपी माठाला झाली. ८ नंबरची सुई १० पेक्षा बारीक असणार, असं मी ठामपणे धरून चालले. आकडा वाढला की सुई बारीक होते, हे काकू किती वेळा सांगायच्या! ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे सव्वातीन. ११२ टाके घातले, चार बोटं बॉर्डर होईपर्यंत चूक कळली नाही, आणि कळल्यावरही 'बसेल, बसेल' करत पुढे विणलं. तुला माझा स्वभाव माहीत आहे.

११२ कुठून आणले? त्या आटलेल्या गोळ्यातून. वरची वीण पार मिटलीय, पण बॉर्डरच्या एक सुलट एक उलटच्या उभ्या रेघा भिंगाखाली दिसतात. सुईच्या टोकाने मोजल्या. एकदा ५४ जोड्या, एकदा ५७, मग तीनदा ५६. टोपी गोलच विणलेली होती, मोज्याच्या चार सुयांवर, म्हणून मागे शिवण नाही. मी आयुष्यभर दोन सुयांवर विणलं. चार सुया हातात घेतल्या की साळिंदर धरल्यासारखं वाटतं, आणि पहिल्या दिवशी जी सुई रिकामी झाली असं वाटलं, तिच्यावरून खरं तर नऊ टाके सुटले होते.

लोकरीचंही रामायण. इथल्या दुकानदाराने शपथेवर 'प्युअर' म्हणून दिली. घरी येऊन धागा गॅसवर धरला: काळा, कडक मणी झाला आणि प्लास्टिकचा वास. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख बोटाने चुरगळते. शेवटी भाचीने कुलूहून आणली. रंग तपकिरीच, पण काकांच्या स्वेटरचा नाही. तसा कुठे मिळणार.

तुझा गुडघा कसा आहे? व्यायाम करतेस ना, का नुसती म्हणतेस? भाऊजींचा निवृत्तीचा समारंभ झाला असेल. नातवाच्या बारशाला आले नाही त्याचं कारण आता कळलंच असेल तुला. तुझ्यासमोर बसून जेवायची हिंमत नव्हती. मध्ये एक लबाड विचार आला होता की आटलेली टोपी त्यालाच पाठवावी, 'पणजीची आठवण' म्हणून, म्हणजे मी सुटले. पण ती पुठ्ठ्यासारखी कडक झालीय, बाळाचं कपाळ सोलून निघेल. आणि ती त्याची नाही, तुझी आहे.

ती पाठवू का? गोळा आहे तसाच? की बघवणार नाही? नवी झालेली मी संदकफूला घालीन, पण आल्यावर ती तुझ्याकडे राहू दे असं मनात आहे. नको असेल तर तसं स्पष्ट लिही. शिव्या द्यायच्या असतील तर फोन कर, रात्री नऊनंतर, तेव्हा कुकर नसतो.

तुझी,
शैला

ता. क. माथ्याला आठ ठिकाणी कमी करत करत सुयांवर ८ टाके उरलेत. धागा ओवून ओढला की झालं, पण मी थांबलेय. काकूंनी गोंडा दोन्ही टोप्यांना लावला होता, का फक्त तुझ्या? माझ्यावर तो कधी होता की नाही, मला खरंच आठवत नाही.