काळा मसाला : 'एकत्र भाजून' नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला, गिरण्यांपुढे डबे रांगेत लागले की पुरवण्यांत काळ्या मसाल्याच्या कृती येऊ लागतात. त्यांत एक वाक्य हमखास असते : 'सर्व जिन्नस एकत्र खमंग भाजून दळावेत.' आपल्या खान्देशातले कितीतरी डबे या एका वाक्यापायी वाया जातात. कृपा करून कृतीसोबत वजन आणि भाजण्याचा क्रम छापावा.

धना जाड, जिरे बारीक, दगडफूल तर कागदासारखे. एकाच कढईत टाकले की धने तापेस्तोवर दगडफूल जळते आणि रस्सा कडू होतो. मग वर गूळ घालूनही उपयोग नाही. पाव किलो धन्यांना 50 ग्रॅम जिरे, 20 ग्रॅम दगडफूल, लवंग-मिरे-दालचिनी-तमालपत्र प्रत्येकी 10 ग्रॅम, 5 ग्रॅम बाद्यान (चक्रीफूल) आणि 4-5 मसाला वेलदोडे पुरतात. प्रत्येक जिन्नस वेगळा, थेंबभर तेलावर, मंद आचेवर भाजावा. दगडफुलात रेती असते, ते आधी निवडून झटकून घ्यावे आणि सगळ्यात शेवटी, कढई उतरवून, नुसत्या तिच्या उष्णतेवर परतावे. धना भाजला की नाही, हे दोन बोटांत चुरडून पाहावे. कट्कन फुटला तर झाला. दबला तर आत ओल आहे, पावसाळ्यात गुठळ्या होणारच.

नंदुरबारची मिरची जवळ असताना जुनी, फिकट मिरची घेऊ नये. मिरची उन्हात कडक वाळवावी, पण काळी होईस्तोवर भाजू नये. जळक्या मिरचीने ठसका तेवढा लागतो, चव जाते.

रश्श्याचा काळा रंग मुख्यतः भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा. मात्र खोबरे वर्षाच्या डब्यात दळून ठेवू नये. त्याचे तेल खवट होते आणि सगळा मसाला नासवते. तीळ, खसखस यांचेही तेच. कोरडा मसाला साठवावा. खोबरे आणि कांदा त्या त्या दिवशी विस्तवावर काळपट भाजून, लसूण-आल्यासोबत वाटावे. गिरणीतून आलेला मसाला हाताला गरम लागतो. तो परातीत पसरून पूर्ण निवल्यावरच बरणीत भरावा, नाहीतर झाकणाला वाफ धरते.

चौघांच्या शेवभाजीला 2 मोठे चमचे मसाला बस्स. आधी वाटण तेल सुटेपर्यंत परतावे, मग मसाला घालून अर्धा मिनिट हलवावे आणि लगेच उकळते पाणी ओतावे. गार पाणी घातले तर तर्री नीट वर येत नाही. शेव ताटात वाढतानाच घालावी.

आणि भरितात हा मसाला चिमूटभरही नको. काड्यांवर भाजलेले वांगे, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर एवढेच. वांग्याला लागलेला धुराचा वास हाच त्याचा मसाला. धने-लवंग पडले की तो मरतो.

आपली,
एक वाचक, अमळनेर