बाबांचा दशावतार आईच्या टीव्हीवर आणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे ठाऊक आहे. पण पत्र मुद्दाम उघड लिहिते आहे. घरी किंवा ओळखीच्या स्टुडिओत बनवलेल्या डीव्हीडी डिस्क आपल्या सिंधुदुर्गातल्या आणि मुंबईला गेलेल्या कितीतरी घरांत पडून असतील. प्लेअरवर 'नो डिस्क' उमटलं की लोक त्या टाकून देतात. तुम्ही आमच्या टाकू दिल्या नाहीत, त्याबद्दल हे आभार.

बाबा दशावतारात, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्यात, स्त्रीपार्टी करायचे, बाईची भूमिका. जत्रेत मध्यरात्री उभा राहिलेला प्रयोग पहाटेपर्यंत चालायचा आणि त्यातला संवाद कुठे लिहिलेला नसायचा. आख्यान ठरलेलं, बोलणं मात्र रंगमंचावर सुचेल तसं. त्यामुळे चुलतभावाने हॅंडीकॅमवर जे टिपलं, तेवढंच बाबांचं बोलणं आता शिल्लक आहे. आईला ते मोबाइलवर नको होतं. तिला तिच्या टीव्हीवर, तिच्या सवयीच्या रिमोटने बघायचं होतं, आणि तेच होत नव्हतं. प्लेअर जुना झाला, नवा घ्या, असं बाकी सगळ्यांनी सांगितलं. नवा प्लेअर विकायची संधी तुम्हालाही होती.

तुम्ही आधी दुकानातली विकतची सिनेमाची डीव्हीडी आमच्या प्लेअरमध्ये घातली. ती सुरळीत चालली. मग तुमच्याकडची, चांगली चालते हे माहीत असलेली, रेकॉर्ड केलेली डिस्क घातली. तीही चालली. एवढ्यात प्लेअरवरचा आरोप निघून गेला. दोन्ही प्रकारच्या डिस्क का लावून बघायच्या, तेही तुम्ही समजावलंत. छापील डिस्कवर खड्डे कारखान्यात उठवलेले असतात. आपण लिहितो त्या डिस्कवर रंगाचा थर असतो आणि लेझरने तो जागोजागी बदलतो. त्यावरून प्रकाश कमी परततो, पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवरून तर आणखी कमी. लेन्स थकली असेल तर सिनेमा चालतो आणि घरची डिस्क नाही, असंही होतं. आमच्या बाबतीत तसं नव्हतं.

कॅमेऱ्यातून निघालेल्या त्या छोट्या, ८ सेंटिमीटरच्या डिस्क तुम्ही हातात घेतल्यात, तो प्रसंग मला लिहायलाच हवा. लॅपटॉपमध्ये घातली की 'डिस्क कोरी आहे' असं येत होतं आणि फॉरमॅट करू का, असंही विचारलं जात होतं. तुम्ही ती खिडकीशी तिरपी धरलीत. जांभळट पृष्ठभागावर मधल्या भोकापासून सुरू होऊन काठाच्या अलीकडे संपणारा एक गडद पट्टा होता, आणि त्यापलीकडे फिकट कडा. "कोरी नाय गो, भरलेली आसा," तुम्ही म्हणालात. पट्टा म्हणजे लिहिलेला भाग. त्या एका वाक्याने आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते तुम्ही पाहिलं असेलच.

दोष होता तो फायनलाइझ न केल्याचा. कॅमेरा चित्र लिहीत जातो, पण कुठून सुरू आणि कुठे संपलं याची नोंद शेवटी वेगळी लिहावी लागते. ती नसेल तर प्लेअरच्या लेखी डिस्कवर काहीच नसतं. हे काम शक्यतो त्याच कॅमेऱ्याने करायचं, म्हणून तुम्ही भावाला ट्रंकेतला कॅमेरा शोधायला लावलंत. बॅटरी मेलेली होती. तुम्ही चार्जर जोडूनच काम सुरू केलंत, कारण मध्येच वीज तुटली तर डिस्क कायमची बिघडू शकते. कॅमेऱ्याला कोणी हात लावायचा नाही, असं बजावून तुम्ही तो सपाट टेबलावर ठेवलात. पडद्यावर 'फॉरमॅट' दिसलं तर थांबायचं, आरडब्ल्यू डिस्कवर त्याने सगळं पुसलं जातं, हेही सांगितलंत. काही मिनिटांनी डिस्क आमच्या प्लेअरमध्ये घातली आणि पायपेटीचा सूर आला. आई उभीच होती, ती खाली बसली.

मोठ्या डिस्कांचं दुखणं वेगळं होतं. एका स्टुडिओने काही प्रती करून दिल्या होत्या. कॉम्प्युटरवर छान चालायच्या, प्लेअरवर नाही. तुम्ही त्या उघडून दाखवल्यात. आत नुसती एक एमपीफोर फाइल. आमच्यासारख्या जुन्या प्लेअरला 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर लागतो, त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी फाइली, आणि चित्र एमपेग-२ या प्रकारात, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीने ७२० बाय ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चौकटी. फाइलचं नाव बदलून किंवा ती तशीच उचलून डिस्कवर टाकून हे होत नाही, रूपांतर करावंच लागतं. त्यासाठी डीव्हीडीस्टायलर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तुम्ही भावाला शिकवलंत.

रात्रभराचा प्रयोग एकाच डिस्कवर बसवायचा हट्ट नको, हे तुमचं म्हणणं मला फार पटलं. ४.७ जीबीच्या डिस्कवर साधारण दोन तास नीट मावतात. चार-पाच तास कोंबले की रंगवलेला चेहरा चौकोनाचौकोनांत फुटतो. दशावतारात चेहराच दिसला नाही तर उरलं काय? म्हणून भाग पाडले. नव्या प्रती डीव्हीडी-आरवर केल्या, कारण जुने प्लेअर डीव्हीडी प्लस-आर या दुसऱ्या प्रकारापेक्षा ती सहसा लवकर ओळखतात. लिहिण्याचा वेग सगळ्यात वरचा न ठेवता मधला ठेवला, आणि लिहून झाल्यावर पडताळणी केल्याशिवाय एकही डिस्क पाकिटात गेली नाही.

एक डिस्क शेवटाकडे अडखळायची. तिच्यावर बाबांच्या फोटोचं कागदी लेबल चिकटवलेलं होतं. आपल्या पावसाळ्यात कागद ओल धरतो, एका बाजूने ओढला जातो, डिस्क किंचित वाकते आणि फिरताना डगमगते. भाऊ लेबल सोलायला निघाला तेव्हा तुम्ही त्याचा हात धरलात. आधी कॉम्प्युटरवर प्रत काढा, मग काय करायचं ते करा. सोलताना डिस्क कामातूनच जाऊ शकते. पुसायचं कसं, तेही त्याच वेळी दाखवलंत: मऊ सुती कापडाने मध्यापासून काठाकडे सरळ, गोल कधीच नाही. मध्यापासून काठाकडे गेलेला ओरखडा प्लेअर भरून काढू शकतो. रेकॉर्डिंगच्या गोल रेषेबरोबर गेलेला लांब ओरखडा त्याला झेपत नाही.

काका, तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त कोऱ्या डिस्कांचे. दुकान बंद करून आमच्यासाठी थांबलात त्याचे नाही. आई म्हणते, एवढ्या शांतपणे कोणी घरच्या माणसाचंही ऐकून घेत नाही. तुम्ही प्रत्येक डिस्कवर कोणत्या जत्रेचा प्रयोग आहे हे विचारून मार्करने लिहीत होतात, तेव्हा मला कळलं की तुमच्या लेखी ती दुरुस्तीला आलेली वस्तू नव्हती.

सगळं आता हार्ड डिस्कवरही आहे, दोन ठिकाणी, तुम्ही सांगितलंत तसंच. बाबांच्या मंडळीतल्या ज्या कलाकारांकडे स्वतःचं एकही चित्रीकरण नाही, त्यांना प्रती देतो आहोत. त्यांच्यापैकी कोणाचा प्लेअर अडला तर तुमच्याकडेच पाठवणार आहे, त्याची आगाऊ परवानगी मागते.

आईचा निरोप आहे: जत्रेच्या दिवसांत इकडे आलात तर चहावर भागणार नाही, काकूंना घेऊन जेवायलाच यायचं.

आपली,
एका स्त्रीपार्टी नटाची मुलगी