आत्या आजारी नाही

प्रिय आई-बाबा,

बाबा, मी रंगवतेय त्या आत्याच्या चित्राचा फोटो बघून तुम्ही घाबरून विचारलंत, "ताईची तब्येत बरी नाही का?" अहो, आत्या ठणठणीत आहे. तुम्ही पाहिलात तो चित्राचा खालचा थर. जुन्या पद्धतीत आधी माणूस नुसत्या करड्या छटांत उभा करतात, त्याला ग्रिझाय म्हणतात. उजेड-सावली जागेवर बसली की वरून पातळ, पारदर्शक रंगांचे हात. मग गालावरची लाली फासल्यासारखी वाटत नाही.

उशीर होतोय तो जवसाच्या तेलामुळे. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं. त्यात अंबर हा तपकिरी रंग लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक हा काळा मात्र अंत पाहतो. शिवाय वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्तच हवं. मी घाई केली. तेलकट थरावर टर्पेंटाइनने पातळ केलेला काळा लावला आणि केसांना भेगा पडल्या. सगळं खरवडून पुन्हा रंगवायला बसले, तर आत्या म्हणते, "आता पांढरा जास्त घे. तेवढ्यात पिकलेत."

खरा घाम काढला डाव्या हाताने. व्हायोलिन धरून स्थिर बस म्हटलं की तिची बोटं कपड्यांच्या चिमट्यासारखी दिसायची. तीन बैठका वाया गेल्या. शेवटी म्हटलं, तू वाजवच. विलंबित आलापात ती फिरून फिरून त्याच सुरावर येते आणि बोटही त्याच जागी येतं. तेवढ्या क्षणापुरता ब्रश चालवायचा, मग थांबायचं. आई, तारेने बोटाच्या टोकाला पडलेली ती बारीक खाच आली आहे, बघ.

व्हायोलिनच्या घोडीजवळ, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीजवळ, गजाला लावलेल्या राळेची पांढरी भुकटी साचते ना, तीही कोरड्या ब्रशने टेकवली. तिच्या गजाची राळ आणि माझं टर्पेंटाइन, दोन्ही पाइनच्या चिकापासून निघतात: चीक तापवला की उडतं ते टर्पेंटाइन, उरते ती राळ. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मग वास फक्त तुझ्याच अंगाला कसा?"

वॉर्निश निदान सहा महिन्यांनी. तोवर चित्र तुमच्याकडे राहील. ओलं फडकं लावू नका, आणि धूळ बसेल म्हणून कपाटामागे तर मुळीच नको, अंधारात तेल पिवळं पडतं. उजेडाच्या भिंतीवर लावा, थेट ऊन टाळून.

आणि बाबा, फोनवर "झालं का?" आता आत्याला विचारा. ती मला रोज विचारते.

तुमची,
चिऊ