आधी जिंका, मग जेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडतर्फ कर्मचाऱ्यांना निकालाआधीच कामावर घेणं म्हणजे करदात्यांचा पैसा उधळणं, असं कालच्या अग्रलेखात आपण ठणकावलंत. अहो, अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाने कामावर घेतलेला माणूस काम करतो आणि मग पगार घेतो! घरबसल्या पैसे मिळतात ते निलंबिताला. लाच घेताना रंगेहाथ सापडलेल्या बाबूला अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो, तीन महिन्यांनंतर तो वाढूही शकतो. बडतर्फाला पहिल्या दिवसापासून शून्य. यावर आपली लेखणी का चालत नाही?

माझा धाकटा भाऊ एका नगरपालिकेत पाणीपट्टी वसुलीला होता. पावतीपुस्तक गहाळ झालं. चौकशीची नोटीस आम्ही कधीच सोडलेल्या भाड्याच्या खोलीच्या दारावर डकवली, चौकशी एकतर्फी उरकली. साहेब सुटले, हा बडतर्फ. कामगार न्यायालयात, अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या राज्याच्या कायद्यातल्या कलम 30(2) खाली, अंतरिम आदेशासाठी अर्ज केला. समोरच्या वकिलांचं पालुपद एकच, ‘अंतिम मागणी आहे तीच अंतरिम कशी देणार?’ त्या कलमात तर तात्पुरता दिलासा देण्याचा अधिकार न्यायालयाला स्पष्ट शब्दांत दिलाय. पण युक्तिवाद संपत आले की न्यायाधीशांची बदली, आणि नव्या साहेबांपुढे परत श्रीगणेशा.

तोवर खायचं काय? भावाने संध्याकाळची भज्यांची गाडी लावली. झालं! उलटतपासणीत फोटो पुढे आला. हातात झारा, समोर चार गिऱ्हाइकं. ‘हा तर कमावतोय, याला दिलासा कशाला?’ भजी तळून तेलाचे आणि गॅसचे पैसे जेमतेम सुटायचे, हे कोण विचारतो? चुकीने काढलेल्याला मागचा पगार मिळणं हाच सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सांगितलं. फक्त मधल्या काळात आपण कमावत नव्हतो, हे कर्मचाऱ्याने आधी सांगायचं. आमच्या वकिलांनी तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याचं 17-ब कलमही समजावलं. खटला चालू असताना शेवटचा पगार मिळतो, पण केव्हा, तर कामगार खालच्या न्यायालयात जिंकला आणि मालक उच्च न्यायालयात गेला तर. तिथेही ‘मी कुठे नोकरीला नाही’ असं प्रतिज्ञापत्र हवंच. म्हणजे उपाशी राहिलात तरच तुम्ही प्रामाणिक.

एस.टी.च्या संपात उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत रुजू व्हायची मुदत दिली, बडतर्फांनाही परत घ्यायला सांगितलं. तेव्हा कुणाची तिजोरी बुडाली? गाड्या सुरू झाल्या, आपणच पहिल्या पानावर फोटो छापलात.

आता निघालंच आहे म्हणून सांगते. भावाच्या बडतर्फीची बातमी आपल्या जिल्हा पुरवणीत नावानिशी, चौकटीत आली होती. त्याच्यावर साधी पोलीस तक्रारसुद्धा झालेली नाही, हे कळवणारं आमचं पत्र मात्र ‘जागेअभावी’ राहिलं. त्याच आठवड्यात एका नगरसेवकाच्या वाढदिवसाला आपल्याकडे अख्खं पान होतं, तेही रंगीत.

आपली,
एक वाचक, सातारा