सिनसिनाटीतली वीस सेकंदं

प्रिय मन्या,

‘फंकमध्ये चाल कुठे असते रे?’ असं तू परवा फोनवर विचारलंस. चाल नसतेच फारशी! फंक म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ठेक्यावर चालणारं नाचाचं संगीत. १९६५ च्या आसपास जेम्स ब्राउन या गायकानं अख्खा बँडच ठेक्याला जुंपला. गिटार असो, सॅक्सोफोन असो, ज्यानं त्यानं आपला तुकडा घोटायचा आणि पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी मिळून दणका द्यायचा. तू तबला वाजवतोस म्हणून सांगतो, दर चार मात्रांनी सम!

पण माझा जीव अडकलाय तो त्याच्या ड्रमरवर, क्लाइड स्टबलफील्डवर. हा अमेरिकेतल्या चॅटनूगा शहरातला. लहानपणी कारखान्यांचा आणि आगगाडीचा खडखडाट ऐकत ताल शिकला. १९६९ मध्ये सिनसिनाटी शहरात ब्राउनचं ‘फंकी ड्रमर’ हे गाणं रेकॉर्ड झालं. पाच मिनिटं उलटल्यावर ब्राउन बाकीच्यांना थांबवतो आणि उरतो फक्त क्लाइड, जेमतेम वीस सेकंद. हेडफोन लावून ऐक. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, अखंड चालू, आणि स्नेअर या कडकडीत आवाजाच्या ड्रमवरच्या दोन ठोक्यांच्या मधे इतके हलके आघात की काठी नुसती चामड्यावर सांडल्यासारखी वाटते. सगळी गंमत त्या हलक्या आघातांत आहे. जोरात वाजवणारे पैशाला पासरी मिळतात.

पुढे १९७३ पासून न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाचा डीजे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून असे ड्रमचे तुकडे लांबवायला लागला. पोरं त्यावरच नाचायची. हिपहॉपचा पाळणा तिथेच हलला. ऐंशीच्या दशकात सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्डमधला तुकडा उचलून पुन्हा पुन्हा वाजवणारी यंत्रं, आले आणि क्लाइडची ती वीस सेकंदं पब्लिक एनिमीपासून एलएल कूल जेपर्यंत सगळ्या रॅपवाल्यांनी उचलली. ब्राउनचा बास गिटारवाला बूट्सी कॉलिन्स पुढे जॉर्ज क्लिंटनच्या फंक टोळीत गेला, आणि त्या टोळीच्या संगीतावर डॉ. ड्रेनं १९९२ मध्ये जी-फंक हा रॅपचा प्रकार उभा केला. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

क्लाइडला यातून काय मिळालं? जवळजवळ काहीच नाही. गाण्याचा कर्ता म्हणून नाव एकट्या ब्राउनचं. क्लाइड अमेरिकेतल्याच मॅडिसन शहरात राहून तिथल्या क्लबांत वाजवत राहिला, २०१७ मध्ये गेला. आजारपणात त्याची बिलं प्रिन्स या पॉपस्टारनं गुपचूप भरली होती म्हणे.

मला याचा राग येतो. चाल बांधणारा तो संगीतकार, आणि ठेका बांधणारा नुसता रोजंदारीवरचा? तू वकील आहेस, वर तबलजी. आपल्याकडच्या कायद्यात अशा ठेक्यावर वाजवणाऱ्याचा हक्क लागतो का, एवढं बघून कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अवि