डुकरे हाकलू नका, त्यांचे नमुने घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात स्वाइन फ्लूच्या रुग्णांचे आकडे येऊ लागतात. त्यापाठोपाठ कुठल्या तरी नगरपालिकेने मोकाट डुकरे पकडण्याची मोहीम काढल्याचीही बातमी येते. गेल्या आठवड्यात या दोन्ही बातम्या एकाच पानावर शेजारी-शेजारी वाचल्या, म्हणून हे पत्र. मी पशुसंवर्धन खात्यातून पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे. स्वच्छतेसाठी मोकाट डुकरांचा बंदोबस्त करायचा तर जरूर करावा. पण त्याने फ्लू आटोक्यात येईल हा समज साफ चुकीचा आहे आणि त्याचा फटका हातावर पोट असलेल्या डुक्करपालकांना बसतो.

आज आपण ज्याला स्वाइन फ्लू म्हणतो तो २००९ साली आलेला एच१एन१ विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी महासाथ जाहीर केली आणि ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, औषधाच्या दुकानांतून गायब झालेले मास्क, बंद शाळा आणि चित्रपटगृहे पुणेकर विसरलेले नसतील. तेव्हापासून हा विषाणू माणसाकडून माणसाकडे मुख्यतः खोकल्या-शिंकांवाटे पसरतो आहे. २०१५ मध्ये देशात ४२ हजारांहून अधिक रुग्ण सापडले, तेही असेच. इजिप्त सरकारने २००९ मध्ये, देशात एकही रुग्ण नसताना, तिथली सुमारे तीन लाख डुकरे मारून टाकली. साथ यायची ती आलीच. वर कैरोत कचरा गोळा करणाऱ्या ज्या कुटुंबांची डुकरे शहराचे खरकटे खाऊन संपवत होती, त्यांची रोजीरोटी गेली आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साठले.

मग डुकराचा या रोगाशी संबंध नाही का? आहे, आणि फार जवळचा आहे. २००९ च्या विषाणूची जनुके तपासल्यावर त्यात डुक्कर, पक्षी आणि माणूस अशा तिन्हींच्या फ्लूचे धागे सापडले. माणसाच्या आणि पक्ष्याच्या फ्लूचे विषाणू पेशींवरच्या ज्या जागांना, म्हणजे ग्राहींना, चिकटतात, ते दोन्ही प्रकारचे ग्राही डुकराच्या श्वासनलिकेत असतात. त्यामुळे एकाच जनावरात दोन विषाणू शिरून त्यांच्या जनुकांची अदलाबदल होऊन नवाच विषाणू तयार होऊ शकतो. या विषाणूचे पूर्वज सुमारे दहा वर्षे तरी डुकरांत फिरत होते आणि कुणाच्याही नजरेस पडले नव्हते, असे शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी दाखवून दिले. पुढे २०१६ मध्ये त्याचे मूळ मध्य मेक्सिकोतल्या डुकरांपर्यंत नेऊन भिडवण्यात आले. म्हणजे सगळा उलगडा झाला तो साथ येऊन गेल्यावर.

नजरेस का पडला नाही, हे आम्हा पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे. फ्लू झालेली डुकरे खाणे सोडतात, अंगाला अंग लावून कोपऱ्यात पडून राहतात, हाकलली तर भुंकल्यासारखी कोरडी खोकतात. जवळजवळ सगळा कळप एकदमच आजारी दिसतो. आणि पाच-सात दिवसांत पुन्हा चरायला लागतो! मरतूक अगदी थोडी. मालक दवाखान्यात कशाला येईल? शिवाय रोगाचे नाव फुटले तर गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती. ही धास्ती आजची नाही. १९१८ च्या महासाथीत अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जे. एस. कोएन नावाच्या पशुवैद्याने सांगितले होते की, डुकरांना झालेला आजार आणि माणसांना झालेला फ्लू एकच दिसतो. डुकराचे मांस कोणी घेणार नाही या भीतीने व्यापारी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. पण १९३१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड शोप यांनी डुकरांतला फ्लूचा विषाणू वेगळा काढून दाखवला. माणसातला विषाणू हाती लागला त्यानंतर, १९३३ मध्ये.

दुसरी बाजू आपल्याकडे जवळजवळ बोललीच जात नाही. माणसाचा फ्लू डुकराला होतो. २००९ ते २०२१ या काळात अमेरिकेत हा विषाणू माणसांकडून डुकरांत सुमारे ३७० वेळा गेल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसले. त्यातले काही विषाणू डुकरांत टिकले, बदलले आणि काही वेळा पुन्हा माणसात आले. तापाने फणफणलेला माणूस डुकरांना खायला घालतो, तेव्हा धोका जनावरालाही असतो.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ९० लाखांवर डुकरे आहेत, त्यातली २१ लाख एकट्या आसामात. आपल्या महाराष्ट्रात संख्या कमी, पण वस्तीला लागूनच. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. भोपाळला पशुरोगांची अतिसुरक्षित प्रयोगशाळा आहे. माणूस आणि जनावर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या नागपूरच्या 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. पुण्याजवळच्या वढू परिसरात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांमधील फ्लूचा अभ्यास २००९ पासून झाला आहे. साधने आहेत, माणसांचा डॉक्टर आणि जनावरांचा डॉक्टर यांचे कागद एका टेबलावर येत नाहीत, एवढेच.

डुकराच्या नाकातला स्वॅब घेणे जिकिरीचे काम आहे. वरच्या जबड्यात फास अडकवून एकाने घट्ट धरायचे. जनावर कान किटतील असे किंचाळते. तेवढ्यात दुसऱ्याने काडी नाकपुडीत फिरवून नळीत टाकायची आणि नळी लगेच बर्फाच्या डब्यात. पण दोन तयार माणसे असली की काही मिनिटांत होते. ठरावीक गावांतून आणि कत्तलखान्यांतून वर्षभर असे स्वॅब आणि रक्तजलाचे (सीरम) नमुने घ्यावेत. अमेरिकेत २००९ च्या सुमारास अशी पाहणी सुरू झाली, तेव्हा कळपाच्या मालकाचे नाव उघड न करता नमुना देण्याची सोय ठेवली होती. आपल्याकडेही तीच सोय हवी, नाहीतर कोणी दार उघडणार नाही. राज्यात गरोदर स्त्रियांना आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना फ्लूची लस मोफत देण्याची सोय झाली आहे. त्या यादीत डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांची आणि कत्तलखान्यातल्या कामगारांची भर घालावी, आणि लस पावसाळ्याआधी टोचावी. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट जुलै ते सप्टेंबरमध्येच येते.

आपणास एकच विनंती. यापुढे रुग्णांचा आकडा छापताना आपल्या वार्ताहराला जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयातही पाठवा आणि या वर्षी जिल्ह्यात किती डुकरांचे नमुने तपासले, हे विचारून तो आकडाही त्याच बातमीत द्या.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी, सातारा